हिरवळीने फोडलं बिंग

"आईची हिरवळ कशी आहे हो बाबा?" लेकीने फोनवर विचारलं.

"गालिचा आहे, गालिचा!" हेडक्लार्क म्हणाले. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत.

खरं म्हणजे बायको गेल्यापासून घरापुढचं गवत पिवळं पडत चाललं होतं. घरातला माणूस तसाच, पण ते फोनवर दिसत नाही. लेक रविवारी येणार होती आणि तिचा डाव त्यांना पक्का ठाऊक होता. बाबा एकटे पडलेत याचा नुसता वास लागला की घर विकून ती त्यांना आपल्याकडे घेऊन जाणार. म्हणून "करमतं का?" या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मला वेळ कुठे आहे!"

ते नर्सरीत गेले. नर्सरीवाला म्हणाला, "युरिया मारा. पातळ फेकायचा आणि लगेच सपाटून पाणी. एका जागी साचला तर गवत जळालंच म्हणून समजा."

हेडक्लार्कांनी युरिया बाजाराच्या जुन्या पिशवीत ओतला, पिशवी खांद्याला अडकवली आणि मुठीमुठीने फेकत निघाले. पिशवीच्या तळाला भोक होतं आणि चष्मा घरात होता. चालताना दाणे तुरळक सांडत, थांबले की ढीग होई. आणि हेडक्लार्क थांबत फार.

कुंपणापलीकडून शेजारचे कंपाउंडर डोकावले. तेही एकटेच.

"काय, खत वाटतं?"

"हो. उरलं तर देऊ?"

"द्या की. पण गप्पा मारायला वेळ नाही हं मला."

"मला तरी कुठे आहे!"

असं म्हणून दोघंही बराच वेळ कुंपणाशीच उभे राहिले. मग उरलेल्या खतासकट तीच पिशवी कुंपणावरून पलीकडे गेली. हेडक्लार्कांनी पाणी सोडलं, तर टाकी अर्ध्यातच संपली.

रविवार जवळ आला तसे हिरवळीवर तपकिरी डाग उठले. ते दिसू नयेत म्हणून हेडक्लार्कांनी सगळंच गवत बारीक कापलं, तर डाग जास्तच उठून दिसायला लागले. मग त्यांनी डागांवर कुंड्या ठेवल्या. कुंपणाजवळचा डाग मात्र एवढा मोठा, की त्यावर चटई अंथरावी लागली.

लेक आली. आईच्या हिरवळीच्या मधोमध कुंडी बघून तिने ती उचलली. मग दुसरी. मग चटई.

"बाबा, खताची पिशवी फाटकी होती ना?"

"जराशी."

"म्हणजे जिथे तुम्ही उभे राहिलात, तिथेच जळलंय." ती फाटकापाशी गेली. "इथे एवढा वेळ काय करत होता?"

"रस्ता दिसतो तिथून."

"आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली?"

हेडक्लार्क उचललेली कुंडी परत डागावर ठेवायला लागले. त्या खिडकीतून बायको त्यांना चहा द्यायची. लेकीला ते माहीत होतं. तिचे डोळे भरून आले आणि घर विकायचा विषय आता निघणार, हे हेडक्लार्कांनी ओळखलं.

लेक डोळे पुसायला म्हणून गच्चीवर गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, वर या बघू!"

वरून दोन्ही घरांची हिरवळ दिसत होती. कंपाउंडरांच्याही गवतावर डाग होते, तेही फाटकाशी आणि पायरीशी. आणि कुंपणाला लागून, हेडक्लार्कांच्या डागाच्या अगदी समोर, त्यांच्याहूनही मोठा एक डाग होता.

"तीच पिशवी यांनाही दिलीत ना? हे तर कुंपणाशी तुमच्याहून जास्त वेळ उभे होते!" लेक म्हणाली.

"आणि मला म्हणे, वेळ नाही! बेट्याने मला फसवलं," हेडक्लार्क म्हणाले आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले.

लेकीने घर विकायचा विषय काढला नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तो डाग वाईट दिसतो हं, काहीतरी ठेवा त्यावर."

संध्याकाळी हेडक्लार्कांनी डागावर खुर्ची ठेवली. थोड्या वेळाने पलीकडेही खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"डाग झाकतोय," कंपाउंडर म्हणाले.

"मीही तेच," हेडक्लार्क म्हणाले.

बाकीची हिरवळ पुढे छान वाढली. त्या दोन जागी मात्र गवत काही आलं नाही, कारण खुर्च्या कधी हलल्याच नाहीत.