हिरूचा कान आणि न आलेले मामा

एका जंगलात गवे माणसासारखे बोलायचे, असं मी सांगितलं, तर मोठ्या माणसांतल्या एकानंही विश्वास ठेवला नाही. हसले मेले. म्हणून आता तुम्हाला सांगते, बाळांनो. मांडी घालून बसा. नाकातलं बोट काढा. मध्येच कुणी शंका काढली तर गोष्ट बंद.

तर त्या जंगलात गव्यांचं एक मोठं घराणं होतं. शिंगं मोठी, खूर मोठे, आवाज तर फारच मोठा. त्या घरात धुरपा नावाची सून होती. तिला हिरू नावाचं वासरू होतं.

हिरू बाकीच्या वासरांसारखाच उड्या मारायचा. पण जरा पडला की त्याचा गुडघा कलिंगडासारखा सुजायचा. अंगावर काळेनिळे डाग उठायचे. घरातले म्हणायचे, "धांदरट आहे." धुरपा मात्र एकेक डाग चाटून बघायची.

एक दिवस सासूनं जाहीर केलं, "हिरूचे कान टोचायचे. साळिंदराला सांगावा धाडा."

"आत्याबाई, नको," धुरपा म्हणाली. "याला टोचू नका. याचं रक्त थांबायचं नाही."

"तुला कसं गं कळलं?"

"माझ्या भावांचं असंच झालं. थोरल्याचा दुधाचा दात पडला, त्यात गेला. धाकट्याला बोरीचा काटा लागला. एवढासा काटा हो! रक्त थांबलंच नाही."

सासूनं रवंथ थांबवला. "दात पडून कुणी मरतं का? आमचे सगळ्यांचे दात पडले. मी मेले का?"

ती खरंच मेली नव्हती.

धुरपा नवऱ्याकडे गेली. तो झाडाला शिंग घासत होता.

"अहो, तुम्ही तरी सांगा ना आईंना."

"आईला कोण सांगणार?" नवरा म्हणाला, आणि त्यानं दुसरं शिंग घासायला घेतलं.

कार्याचा दिवस आला. सगळं जंगल जमलं. माकडांनी डीजे लावला. अस्वलानं मोबाइलवर फोटो काढले आणि हिरूचा कान टोचायच्या आधीच तो सगळ्या ग्रुपवर पोचला. साळिंदर पाठीवरचे काटे फुलवून आला आणि म्हणाला, "मामा कुठाय? कान टोचताना वासरू मामाच्या मांडीवर लागतं."

"मामा नाहीत," धुरपा म्हणाली. "तेच तर सांगतेय कधीची. म्हणूनच नाहीत."

सासू पाहुण्यांकडे वळली. "बघा! एवढं मोठं कार्य, आणि माहेरचं एक चिटपाखरू फिरकलं नाही. मामा म्हणवतात!"

पाहुण्यांनी माना हलवल्या. मेले असले म्हणून काय झालं, निदान निरोप तरी धाडायचा, असं सगळ्यांचं मत पडलं.

तेवढ्यात कोल्हा पुढे आला. "मी होतो मामा. फेट्याचं तेवढं बघा."

त्याला फेटा बांधला आणि हिरूला त्याच्या मांडीवर बसवलं. गव्याचं वासरू कोल्ह्याच्या मांडीवर मावतं का, असं विचारू नका. मानाची मांडी होती. मावलं.

साळिंदरानं स्वतःच्याच पाठीचा काटा उपटला. "डोळे मीट रे राजा," म्हणाला आणि टोचला.

रक्त आलं. थोडं वाहिलं. आणि थांबलं.

"थांबलं!" सासू ओरडली. "बघ गं अवदसे, थांबलं! भरल्या मांडवात अभद्र बोलत होतीस!"

दुसरा कान जेवणानंतर टोचू, असं ठरवून सगळे जेवायला बसले.

आता बाळांनो, रक्त थांबतं कसं ते ऐका. अंगात कुठे फाटलं की तिथली रक्ताची नळी आधी आपणच आकसते. मग रक्तातल्या बारीक बारीक टिकल्या धावत येतात आणि एकमेकींना चिकटून भोकात बसतात. पण टिकल्यांचा भरवसा किती? थोडाच वेळ. म्हणून त्यांच्यावर धाग्यांचं जाळं विणलं जातं. ते जाळं विणायला बरेच जण लागतात, आणि एकानं काम केलं की मगच दुसरा हात लावतो. जाळं घट्ट बसलं की झाली खपली. हिरूच्या अंगात टिकल्या आल्या. पण विणणाऱ्यांतला एक जण जन्मापासून आलाच नव्हता. तो नाही म्हणून पुढचे सगळे हात बांधून उभे.

जेवणं आटपली नाहीत तोच हिरूचा कान पुन्हा ओला झाला. मग गळायला लागला.

धुरपानं पळसाची पानं घडी करून कानाच्या दोन्ही बाजूंनी लावली आणि दाबून धरली. दाबून धरणं हे बरोबरच होतं. पण समाचाराला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, "बघू तरी, थांबलं का?" आणि पान उचलायचा. पान उचललं की धार. मग तो म्हणायचा, "नाही हो थांबलं," आणि दुसऱ्याला जागा द्यायचा. कोल्ह्यानं दोनदा उचललं. मामाचा मान असतो.

हिरू बसल्या जागी कलंडला. त्याच्या जिभेचा रंग उतरला होता.

"बाजूला व्हा," धुरपा म्हणाली. "आता जो पान उचलेल त्याच्या पोटात शिंग घालीन."

तिनं हिरूला पाठीवर घेतलं. नवऱ्याला म्हणाली, "चला. कान दाबून धरा. आणि बघायचं नाही!"

नदीपलीकडे दवाखाना होता. वाटेत नवऱ्यानं एकदाच बघितलं. शिंगही त्याला एकदाच लागलं.

दवाखान्यात करकोचा डॉक्टर होता. त्यानं सुजका गुडघा बघितला, कान बघितला आणि विचारलं, "याला मामा आहेत?"

"होते," धुरपा म्हणाली.

डॉक्टर लगेच कपाटाकडे वळला. जो विणणारा अंगात नव्हता तो त्याच्याकडे बाटलीत होता. सुईतून आत सोडला. रक्त थांबलं. सूर्य कलता कलता हिरूनं डोळे उघडून चारा मागितला.

करकोच्यानं नवऱ्याला समजावलं, "हे आईकडून मुलाकडे येतं. तिला स्वतःला बहुधा त्रास होत नाही. यात तिची काही चूक नाही. पुन्हा टोचू नका. पडला, सुजला की तसाच इकडे आणा."

नवरा निरोप द्यायला पुढे घरी गेला. निरोप लांब होता आणि वाटही लांब होती. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एवढंच उरलं: "आईकडून येतं."

दोष कुणाचा ते ठरवायला सासूनं जंगल गोळा केलं.

साळिंदर म्हणाला, "मी सगळ्यांचेच टोचतो."

कोल्हा म्हणाला, "मी तर उसना मामा." फेटा त्यानं काढला नव्हता.

नवरा म्हणाला, "मी शिंग घासत होतो."

तेवढ्यात धुरपा हिरूला घेऊन आली. सासू तिच्यासमोर उभी राहिली. "एवढं सगळं माहीत होतं, तर आधी का नाही गं सांगितलंस?"

धुरपानं तिच्याकडे बघितलं. मग हिरूच्या कानाकडे बघितलं. खपली धरली होती. अस्वल बघायला पुढे वाकलं, तसं धुरपानं शिंग खाली घेतलं.

"दुसरा कान टोचायचा राहिलाय, आत्याबाई," ती म्हणाली. "कोण येतंय पुढं?"

कुणी आलं नाही. हिरू अजून त्या जंगलात एकाच कानात भोक घेऊन हिंडतो.

तात्पर्य: बाळांनो, घरातली बाई काही आधीच सांगायला लागली तर अजिबात ऐकू नका. ऐकलं तर काही वाईट होतच नाही, आणि वाईट झालंच नाही तर दोष कुणाला देणार? रक्त वाहिलं तर दोष काट्याचा नसतो. टोचणाऱ्याचा नसतो. पान उचलून बघणाऱ्यांचा तर मुळीच नसतो, ते काळजीपोटी बघतात. सगळ्या जंगलानं बसून, विचार करून, एकमतानं एकच नाव काढलंय. पाठ करून ठेवा: धुरपा.