खाट नंबर बारा

आनंद परचुरे बेघर आहेत, ही गोष्ट त्यांना स्वतःच्याच घराच्या दारात कळली. रविवारची सकाळ होती, हातात पोह्यांची बशी होती आणि समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी उभी होती.

"आनंद परचुरे इथे राहायचे ना?"

"राहायचे म्हणजे? मीच आनंद परचुरे."

"बरं झालं काका, भेटलात. शेवटचा पत्ता हाच दिलेला तुम्ही. मी संचिता, पालिकेच्या निवारा विभागातून आलेय. तुम्हाला जागा मंजूर झालीये. खाट नंबर बारा. आजपासून राहायला जाऊ शकता." मग तिने आत डोकावून आवाज खाली आणला. "घरच्यांनी कधी काढलं?"

घरचे म्हणजे उत्तराबाई. त्या हातात उलथनं घेऊन नेमक्या त्याच वेळी बाहेर आल्या.

आनंदरावांची चूक म्हटली तर एवढीशी होती. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा सरळमार्गी माणूस वीस वर्षं पालिकेला अर्ज लिहीत होता. गटारावर लिहिले, पदपथावर लिहिले, अर्जांना उत्तर येत नाही यावरही लिहिले. उत्तर आलं नाही. शेवटी वैतागून ते या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले. जाहीरनाम्यात पहिलं आश्वासन बेघरांना छप्पर, दुसरं प्रत्येक अर्जाला सात दिवसांत उत्तर. आणि निशाणी मिळाली ती खाट. महिनाभर हॉलमधल्या दिवाणावर बॅनरांच्या गठ्ठ्याशेजारी अंग चोरून झोपत त्यांनी डोंबिवली पश्चिमेतली गल्ली न गल्ली पालथी घातली होती.

गुरुवारी ते कोपरच्या बाजूचं निवारा केंद्र पाहायला गेले. तिथे वही एकच होती. पुढून पाहुण्यांचे अभिप्राय आणि उलटी केली की मागून मुक्कामाला येणाऱ्यांची नोंद. दोन्हीकडचे पुठ्ठे केव्हाच गळून पडलेले, त्यामुळे पुढची बाजू कोणती ते कळायची सोय नव्हती. आनंदरावांनी वही मागून उघडली, नाव, वय, पत्ता लिहिला आणि शेवटच्या रकान्यात वळणदार अक्षरात मनातलं उतरवलं : 'डोक्यावर छप्पर हा माणसाचा हक्क आहे. तातडीने कार्यवाही व्हावी.' खाली सही ठोकली.

वीस वर्षांत त्यांच्या लिखाणावर पालिकेने केलेली ही पहिली कार्यवाही, आणि तीही तीन दिवसांत.

"अहो, मी उमेदवार आहे," आनंदराव म्हणाले. "मी पाहणीला गेलो होतो."

"असं सगळेच म्हणतात काका पहिल्यांदा," संचिता समजुतीने म्हणाली. "लाजू नका. नाव कमी करायचं असेल तर ऑफिसला यावं लागेल."

ती जिना उतरली, पण सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त पाण्याची मोटर बंद करायच्या निमित्ताने जिन्यातच उभे होते. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरली की उत्तरावहिनींनी आनंदरावांना घराबाहेर काढलं. भिशीतल्या दोन मैत्रिणींचे फोन आले. "चांगलं केलंस, आम्ही कधीची वाट बघत होतो," असं त्यांचं म्हणणं पडलं.

"माझ्याबद्दल लोक काय बोलतायत, ऐकलंत?" उत्तराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांचा संसार, आणि तुमच्या एका सहीने मी कैदाशीण ठरले."

संध्याकाळी तर विरोधी उमेदवाराची रिक्षा त्यांच्याच खिडकीखाली येऊन थांबली. "ज्याला स्वतःला घर नाही, तो तुम्हाला काय घर देणार?" भोंगा विचारत होता. मतदानाला आठ दिवस राहिले होते. हरण्याची त्यांना एवढी भीती नव्हती. पण जन्मभर सरळ चाललेल्या माणसाचं चारचौघांत असं हसं व्हावं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

सोमवारी ते पालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून सुदेश शांतपणे म्हणाला, "घर असल्याचा पुरावा द्या."

पुरावा काय द्यायचा? फ्लॅट उत्तराबाईंच्या नावावर, वीज त्यांच्या नावावर, घरपट्टी त्यांच्या नावावर, गॅससुद्धा त्यांच्याच.

"म्हणजे तुमच्या नावावर काहीच नाय," सुदेश म्हणाला. "मग रेकॉर्ड बरोबरच आहे की साहेब. मिसेसचं प्रतिज्ञापत्र आणा."

उत्तराबाईंनी आधी तासभर पेनाला हात लावला नाही. मग लिहिलं : 'या घराची मालकी माझी असून माझे पती माझ्यासोबत राहतात. मी त्यांना घराबाहेर काढलेले नाही.' आणि जरा विचार करून 'काढलेले'च्या आधी, वरच्या बाजूला बारीक अक्षरात 'अद्याप' घातलं.

मंगळवारी सुदेशने ते वाचून शिक्का मारला. "आता केंद्रावर जाऊन खाट सोडल्याची सही करा."

केंद्राच्या पायरीवर एक उतारवयाचा माणूस गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. आत व्यवस्था बघणाऱ्या तुळसाबाई आनंदरावांना पाहून आधी ओळखीचं हसल्या, मग काम ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

"बारा नंबरवाले परचुरे तुमीच हाव? आवो, दोन दिस ती खाट रिकामी पडलीय तुमच्या नावाची. आनि यो चांगदेव बाहेर पायरीवर झोपतोय. आंबिवलीची खोली पाडली याची. मी तरी काय करू, कागदावर खाट भरलेली."

आनंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस ते स्वतःच्या अब्रूची काळजी करत होते आणि त्यांच्या वळणदार अक्षराने एका माणसाची पाठ जमिनीला टेकवली होती.

"माझं नाव काढा आणि यांना द्या. आत्ताच्या आत्ता."

"तसं नाय होत. नाव काढलं का खाट ऑफिसला जमा. मंग पंधरा दिस बसा. नातेवाईक असंल तर बदली लगेच होते." तुळसाबाईंनी वही उलटी करून पुढे सरकवली. "कोन लागतो तुमचा?"

वीस वर्षांच्या अर्जांत आनंदरावांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी पायरीकडे पाहिलं. चांगदेव गाठोड्याची गाठ उगीचच सोडत, बांधत होता. आनंदरावांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'मावसभाऊ'.

त्या रात्री त्यांना महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोप लागली. ती पुढे तीनच दिवस टिकली.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात संचिता, तिच्यामागे गाठोड्यासकट चांगदेव, आणि जिन्यात पुन्हा मोटर बंद करणारे गुरुदत्त.

"काका, जवळच्या नातेवाइकाचं घर असेल तर माणसाला बेघर धरत नाहीत. आणि तुमचं घर आहे, हे मिसेसनीच लिहून दिलंय. केस क्लोज झाली आमच्याकडे, खाट परत जमा. मावसभाऊ मिळाले म्हणून इथे सही करा."

खरं सांगावं तर खोटी नोंद केलेला उमेदवार, आणि तेही गुरुदत्तांच्या साक्षीने. खोटं रेटावं तर चांगदेव घरात. त्यांनी हळूच उत्तराबाईंकडे पाहिलं. तीन दिवसांपूर्वीच बायकोला सगळं सांगून टाकायला हवं होतं, असं त्यांना आता फार वाटलं.

"ताई, मी जातो," चांगदेव खाली बघत म्हणाला. "तिकडं पायरी हाय माझी. यांनी माझ्यासाठी खोटं—"

"थांबा," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी संचिताच्या हातातला कागद घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि घरमालक म्हणून स्वतःच सही केली. मग जिन्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुदत्तभाऊ, ग्रुपवर टाका. आमचे पाहुणे आलेत."

गुरुदत्त मोटर बंद न करताच खाली गेले.

"आत या भावजी," त्या चांगदेवला म्हणाल्या. "पोहे खाल ना? दुसरी सोय होईपर्यंत इथेच राहायचं. आणि अहो, ते बॅनर उचला दिवाणावरून. भावजींना पाठ टेकायला जागा करा."

आनंदरावांनी निमूटपणे 'प्रत्येकाला हक्काचं छप्पर' कवेत घेतलं आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले.

"अगं, मग मी कुठे झोपू?"

"बारा नंबर," स्वयंपाकघराकडे जाता जाता उत्तराबाई म्हणाल्या, "आता रिकामीच असेल."