शिंकेला टाळी

भिवंडीतल्या या इमारतीत मी राहायला आले, त्या दुपारी समोरच्या गाळ्यातल्या लूमची खडखड कानांना अजून नवी होती. जिन्यात माझे सामान उतरत होते, धूळ उडाली आणि मला शिंक आली. मागोमाग वरच्या मजल्यावरून एक टाळी वाजली. एकच, कोरडी, मनापासून दिलेली. मी मान वर केली, तर कठड्यावरून एक टकलावलेले डोके वाकून पाहत होते.

"सर्दी?" त्याने आशेने विचारले.

"नाही, धूळ."

"मग टाळी परत घेतो," असे म्हणून डोके आत गेले.

डॉ. जनार्दन पाटील यांची माझी ओळख ही अशी झाली. ते रोज मुंबईला एका प्रयोगशाळेत जातात आणि विषाणू शरीरात शिरल्यावर शरीर त्याची आठवण कशी जपते, याचा शोध घेतात. हे संशोधन ते घरीही आणतात. म्हणजे बाटल्यांतून नव्हे, बोलण्यातून. इमारतीत कुणीही शिंकले की त्यांची टाळी ठरलेली.

"भाभी, मुबारक!" ते जिन्यातून ओरडतात.

"काहे की मुबारक, डॉक्टरसाब? नाक बह रही है मेरी!" तळमजल्यावरच्या नसीमभाभी वैतागतात.

"वही तो! फौज जाग गयी!"

त्यांच्या भाषेची एक शिस्त आहे. विषाणूंना ते आदरार्थी बहुवचन वापरतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना घरच्या लेकरांसारखे एकेरी. "ताप त्यांनी नाही आणला, ताई. ते बिचारे पाहुणे. ताप पेटवला तो आपल्याच पोरांनी." लस म्हणजे काय, हे त्यांनी एकदा एका लूमवाल्याला समजावताना मी ऐकले. नक्षी विणायला आधी भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे लागतात ना, तशी लस शरीराकडून कार्डे आधीच करून घेते. पाहुणे खरोखर आले की माग लगेच चालू होतो. लूमवाल्याने विचारले, "और कार्ड को दीमक लगी तो?" डॉक्टर आनंदाने उडालेच. "उसी पे तो मेरी सारी जिंदगी गयी!"

खोकला घेऊन कुणी दारात आले की ते हात जोडतात. "मी आजाऱ्याचा डॉक्टर नाही, आजाराचा." मग चपला घालतात आणि त्या माणसाबरोबर खऱ्या डॉक्टरकडे जाऊन बसतात.

त्यांचे गाव भिवंडीलगतचे पूर्णा. भावांच्या भातशेतीवर आता गोदामे उभी आहेत. थोरले भाऊ एकदा पुतण्याच्या हळदीचे आमंत्रण घेऊन आले, तेव्हा जिन्यातच थांबून मला म्हणाले, "आमी जमिनीवं गोदामा बांधली, भाडा घेतो. न् यो आमचा जनू जंतू पालतो. तेपन बिनभाड्याचे!"

"दादा, जंतू न्हाय, पेशी. जंतू बाजूच्या खोलीत हायत."

"मंग हलदीला ये तरी येलेवर."

"पेशींना खायला घालून येतो."

"बघा! लग्न नाय केला, पन पोरांना जेवू घालाची घाई हायच!"

डॉक्टर हसले. हळदीला ते पोहोचले तेव्हा नाच संपून मांडवातल्या खुर्च्या उचलल्या जात होत्या, असे त्यांनीच मला नंतर सांगितले.

एका हिवाळ्यात ते पाहुणे माझ्याकडे आले. ताप आला, गेला. जाताना माझी वासाची जाण घेऊन गेले. भातावर वाफ दिसे, पण भात माझ्यापर्यंत येत नसे. कोथिंबीर म्हणजे नुसती हिरवी कातरण. दूध करपले तरी ते मला डोळ्यांनीच कळे. ज्या घरात मी वासाच्या आधाराने वावरत होते, त्या घराचे जणू चित्र उरले होते, आणि त्या चित्रात मी स्वयंपाक करीत होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितले, ओळखीचे वास रोज हुंगत राहा. परत येईल, कदाचित नाहीही येणार.

हे मी पाटील डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते हळहळले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "सकाळी चहा किती वाजता ठेवता?"

दुसऱ्या दिवशी ते दारात उभे, हातात प्रयोगशाळेतली लाकडी घोडी आणि तिच्यात पाच सारख्या बाटल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. आणि पाचवीत नुसते पाणी.

"पाणी कशाला?"

"तुम्ही भल्या बाई आहात. मला बरे वाटावे म्हणून हो म्हणाल. ते चालणार नाही."

मग रोज हाच पाठ. मी डोळे मिटायचे, त्यांनी बाटली नाकाशी धरायची, मी म्हणायचे, "काही नाही." मग चहा. त्यांना आल्याचा, मला गरम पाण्याचा. एकदा माझ्या अंगावर शहारा आला, मी जवळजवळ ओरडले, "गुलाब!" डॉक्टरांनी बाटलीला झाकण लावले.

"पाणी होते, ताई," ते हलकेच म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी चहात आणखी साखर घातली, माझ्याही कपात.

होळी गेली, आंबे आले आणि गेले. आंब्याच्या दिवसांत तर मी टेबलाशी बसायलाच नकार दिला होता. डॉक्टर दाराबाहेर घोडी घेऊन उभे राहिले. शेवटी मीच दार उघडले.

श्रावणातली एक दमट सकाळ. डॉक्टर नेहमीप्रमाणे बसले, बाटलीच्या झाकणाकडे वाकले, आणि काहीतरी माझ्याकडे आले. ते फूल नव्हते, फळ नव्हते. ओलसर, आंबूस, कोंडलेले काहीतरी. मी श्वास रोखला. मग पुन्हा घेतला.

"डॉक्टर, बाटल्या बंद आहेत?"

"बंद."

"मग… तुमच्या शर्टाला कुबट वास येतो आहे."

त्यांनी बाही नाकाशी नेली. "नक्की?"

"नक्की. उन्हात वाळलेला नाही हा. बंद खोलीत, पंख्याखाली वाळवलात."

"पंख्याखालीच!" ते उठले, धावत वर गेले, दुसरा शर्ट घेऊन आले आणि माझ्या नाकाशी धरला. "हा?"

"हाही."

"खात्री झाली!" त्यांनी कडकडीत टाळी वाजवली आणि जिन्यात जाऊन ओरडले, "भाभी! ताई को मेरे शर्ट की बास आयी!"

"वो तो सबको आती है, डॉक्टरसाब!" खालून उत्तर आले. "हम लिहाज करते थे!"

इतके हसलो की डोळ्यांतून पाणी आले. माझ्या पाण्यात हसण्याखेरीजही काही होते. मी आले ठेचले. त्याचा तिखट, मातकट गंध हळूहळू, लाजत आला, आणि मी पातेल्यावर वाकून तशीच उभी राहिले.

चहा झाला. डॉक्टरांनी बाटल्यांची झाकणे एकेक करून घट्ट केली. ती घट्टच होती. घोडी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. "प्रयोग संपला म्हणायचा," ते म्हणाले. दाराशी चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले. मग वळून, शाळकरी मुलासारखे माझ्याकडे पाहत, त्यांनी विचारले,

"उद्या?"