खाडीची चाळीस मिनिटं

धक्क्याच्या तिसऱ्या खांबावर, पाण्याच्या रेषेच्या वर, चार बोटं रुंदीचा ओला पट्टा होता. सकाळचे सात पस्तीस झाले होते. होडीत पाय टाकता टाकता ताईने तो पाहिला आणि तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. पाणी चढत असेल तर वरचा खांब कोरडा हवा. आणि पाणी चढतच असणार! भरती पुरी व्हायला अजून पाच मिनिटं होती. तिने स्वतः कागदावर मांडलं होतं. मग हा पट्टा कुठला? गेली असेल एखादी लाँच, उडाली असेल लाट, असं म्हणून तिने विषय मिटवला.

शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवताना तिने मुलांना एकच गोष्ट घोकून घेतली होती: डोळ्यांना दिसतं ते आधी लिहा, अंदाज मागाहून. मुलं पाठीमागे तिला ‘मायक्रोमीटर बाई’ म्हणत. निरोप समारंभात एकाने ते भाषणातच म्हटलं, तेव्हा ती मनातून खूष झाली होती.

“ताई, वेळेत परत येऊ ना?” धाकट्याने वल्ही उचलत विचारलं. “डॉक्टर अकराला येणार आहेत होडी बघायला.”

“दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत खाडीच्या तोंडाशी साचलेल्या गाळावरून होडी पार होते. आपण दहाला दहा कमी असताना तिथे असू. वीस मिनिटं हाताशी आहेत. या खाडीचं पाणी इतर कुणालाही फसवेल, मला नाही!”

“ते ठीक. पण अकराला त्यांना काय सांगायचं? विकायची की नाही?”

“बघू.”

हे ‘बघू’ तीन वर्षांचं झालं होतं. बाबा गेले आणि होडी धक्क्याला बांधलेली राहिली. दर वर्षी रंग हवा, डागडुजी हवी. धाकट्याचे गुडघे वाजू लागलेले, ताई एकटी. विकणं शहाणपणाचं होतं, हे तिला आकडेमोड न करताही कळत होतं. पण धाकट्याने विचारलं की तोंडातून निघायचं ते ‘बघू’च. शेवटी त्यानेच गिऱ्हाईक शोधलं: गावातले दातांचे डॉक्टर. त्याआधी शेवटची एक फेरी मारू, एवढंच ताई म्हणाली होती.

पावसाळा सरून गेलेला. काठावरचं गवत पिवळं पडलेलं, ऊन तिरपं आणि मऊ, पाणी स्वच्छ. बाबा याच दिवसांत दर रविवारी दोघांना गळ टाकायला न्यायचे. त्यांचे नियम ठरलेले. होडीत मोठ्याने हसायचं नाही. बसायच्या फळीवर बाबांनी चाकूने एक खाच केली होती. मासा त्या खाचेपेक्षा लहान असला की परत पाण्यात. आणि होडीत घड्याळ एकच. बाकीची घरी ठेवायची, खाऱ्या पाण्याने बिघडतात म्हणून. बाबांचं ते एकुलतं घड्याळ गळांच्या पेटीत राहायचं आणि फक्त रविवारी बाहेर यायचं. आज ते धाकट्याच्या मनगटावर होतं.

चौथा नियम वेळेचा. बंदराच्या छापील वेळापत्रकात भरतीची जी वेळ असेल, तीत चाळीस मिनिटं मिळवायची. आपल्या खाडीत पाणी उशिरा पोचतं. ताईने हे सातव्या वर्षी पाठ केलं आणि पुढे बत्तीस वर्षं फळ्यावर काढलं: डावीकडे बंदर, उजवीकडे खाडी, मध्ये लांबलचक बाण, बाणावर ‘चाळीस मिनिटे’.

दोन तासांत एक मासा लागला. धाकट्याने तो फळीवर धरला. खाचेला बोटभर कमी.

“शेपटी जरा ताणली तर भरेल गं!”

“सोड त्याला.”

“बाबांसारखीच आहेस अगदी,” म्हणत त्याने मासा सोडला. मग दोघांनी थर्मासमधला चहा प्यायला, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ताईला वाटलं, हे असं न बोलणं दुसऱ्या कुठल्या जागी आपल्याला जमत नाही.

ठरल्याप्रमाणे दहाला दहा कमी असताना होडी खाडीच्या तोंडाशी आली. धक्का समोर दिसत होता. आणि होडीखालून आवाज आला, खरवडलेल्या पातेल्यासारखा. मग होडी थांबली. धाकट्याने वल्हं रोवून जोर लावला. वल्हं रुतलं, होडी जागची हलली नाही.

“ताई, पाणी कुठे गेलं?”

“असं होणारच नाही!” ताई म्हणाली.

पाण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता चारी बाजूंनी चिखल उघडा पडला, होडी एका कुशीवर कलली, थर्मास घरंगळत टोकाला गेला. अर्ध्या तासात दोघं बहीणभाऊ घसरगुंडीवर बसल्यासारखे एकमेकांना धरून बसले होते आणि सभोवती शेकडो खेकडे बिळांतून डोळे काढून बघत होते.

अकराच्या ठोक्याला डॉक्टर धक्क्यावर आले. नवी टोपी, नवा गळ, गुडघ्यापर्यंतचे नवे कोरे रबरी बूट. कललेली होडी पाहून ते दचकले.

“परत जा!” म्हणून ताईने दोन्ही हात जोरजोरात हलवले. लांबून ते ‘धावा, वाचवा’ असं दिसलं. डॉक्टर धावले!

वीस पावलं झकास पडली. एकविसाव्याला डावा बूट चिखलात राहिला, पाय वर आला. मोजा चिखलात टेकणार म्हणून त्यांनी बूट उपसायला वाकून बघितलं, तेवढ्यात उजवा गुडघ्यापर्यंत गेला. मग टोपी गेली. पुढचं अंतर त्यांनी रांगत कापलं. होडीत ओढून घेतलं तेव्हा त्यांचा फक्त चष्मा ओळखू येत होता.

“बाई,” ते धापा टाकत म्हणाले, “तुम्ही ठीक आहात ना?”

ताईने चष्म्याकडे निरखून पाहिलं. “तू... एकोणतीस नंबर!”

“हो बाई. सातवी ब.”

“खिडकीजवळचा बाक. बुटाची नाडी कायम सुटलेली.”

“आज बूटच सुटले, बाई.”

धाकटा हसायला लागला, आणि नियम आठवून त्याने तोंड दाबलं.

“पण तुम्ही अडकलात कशा?” डॉक्टर म्हणाले. “मी भरतीची वेळ मांडूनच आलो होतो. बंदरात सातला भरती. अधिक चाळीस मिनिटं. परीक्षेत आलं होतं ते, मला पैकीच्या पैकी मिळाले होते!”

ताईने सकाळच्या हिशेबाचा कागद उलटा केला आणि पेन्सिल काढली. वारा? नव्हता. गाळ वाढला? तीन वर्षांत एवढा नाही. मग तिला खांबावरचा पट्टा आठवला. सात पस्तीसला पाणी चार बोटं उतरलेलं होतं. म्हणजे भरती सातलाच होऊन गेली होती. तिने तीनदा मांडून पाहिलं, तिन्ही वेळा एकच उत्तर.

“चाळीस मिनिटं कमी पडतायत,” ती हळू आवाजात म्हणाली. “बरोब्बर चाळीस.”

धाकटा एकदम डॉक्टरांकडे वळला. “डॉक्टर, माझी ही दाढ जरा बघता का? आत्ताच ठणकायला लागली.”

“आ करा.”

“तोंड मीट,” ताई म्हणाली. “तुला काहीतरी माहीत आहे.”

धाकट्याने तोंड मिटलं, मनगटावरचं घड्याळ दोनदा फिरवलं. “ताई, रागावू नकोस. हे बंद पडलं होतं. गेल्या महिन्यात घड्याळवाल्याकडे दिलं. त्याने दुरुस्त केलं आणि वेळ बरोबर लावून दिली.”

“मग?”

“आधी ती बरोबर नसायची. बाबा हे घड्याळ चाळीस मिनिटं पुढे ठेवायचे.”

खेकडेसुद्धा थबकल्यासारखे वाटले.

“का?” ताईने विचारलं.

“तू निघायचीच नाहीस ना वेळेवर! आमिष तोलायचीस, गळ लांबीप्रमाणे लावायचीस, डबा भरला की पुन्हा उघडून मोजायचीस. बाबा घड्याळ दाखवून म्हणायचे, बघ, उशीर झाला! तेव्हा कुठे तू पळायचीस. आता घड्याळ पुढे, म्हणून त्यात भरतीही चाळीस मिनिटं उशिरा दिसायची. चाळीस मिळवले की हिशेब जमायचा. मला त्यांनी मी दहा वर्षांचा असताना सांगितलं होतं, तोंडावर बोट ठेवून.”

“आणि तू मला आज सांगतोस?”

“मला वाटलं, तू केव्हाच ताडलं असशील! तू विज्ञानवाली. आज तू चाळीस मिळवलेस तेव्हा वाटलं, हे काहीतरी वेगळे शास्त्रीय चाळीस असतील.”

ताईने हातातल्या कागदाकडे पाहिलं. बत्तीस वर्षं. फळ्यावरचा तो बाण. बंदरातून खाडीत चाळीस मिनिटं चालत येणारं पाणी, जे कधी चाललंच नव्हतं. उशीर पाण्याला नव्हता, एका सात वर्षांच्या मुलीला होता. आणि तिला एका शब्दाने न दुखवता एक माणूस जन्मभर चुकीचं घड्याळ घेऊन फिरला होता.

“बाई,” डॉक्टर चाचरत म्हणाले, “माझे ते गुण आता...”

“राहू देत,” ताई म्हणाली. आणि ती हसली. मोठ्याने! होडीत, नियम मोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिघंही हसले, आणि कललेली होडी हलकेच डुलली.

साडेचारला पाणी आलं. आधी एक चकाकती रेघ, मग चिखलातले ओहोळ, मग फळीखाली ओळखीची गुदगुली. डॉक्टरांचा एक बूट तरंगत आला आणि होडीला टेकून थांबला. तोवर धाकट्याच्या दाढेची तपासणी झाली होती (काढावी लागणार होती), थर्मास तिघांत रिकामा झाला होता, आणि होडीने सरळ होऊन एक झोका घेतला.

“तर मग,” डॉक्टरांनी बूट ओतून रिकामा करत अदबीने विचारलं, “होडीचं काय ठरलं, बाई?”

धाकट्याने वल्हं थांबवलं. ताई आता काय म्हणणार, ते त्याला तीन वर्षं पाठ होतं.

ताईने हात पुढे केला. त्याने घड्याळ काढून दिलं. तिने किल्ली ओढली आणि काटे फिरवले. पाच, दहा, वीस, नीट मोजून चाळीस मिनिटं पुढे. मग ते गळांच्या पेटीत ठेवून झाकण लावलं.

“पुढच्या रविवारी दोघांनीही वेळेवर या,” ती म्हणाली. “होडी विकायची नाही.”