मोर्शीचा पुरावा

गावंडे काकांना कुणी 'वॉचमन' अशी हाक मारली, तर ते मागे वळून वॉचमन शोधतात. ते स्वतः डिटेक्टिव्ह आहेत. अमरावतीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर, गळ्यात शिट्टी अडकवून.

"एजन्सीले परवाना लागते, गार्डाले ट्रेनिंग लागते, पोलिसाची पडताळणी लागते," माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं. "डिटेक्टिव्हले काहीच लागत नाही. त्याचा कायदाच नाही. मंग, काय होतं तू, गार्ड का डिटेक्टिव्ह?"

"गार्डच," मी म्हणालो. नववीत शाळा सोडून गडहिंग्लजहून इतक्या लांब आलेल्या माणसाला पडताळणी झालेली बरी वाटते.

काकांचा आवडता शब्द 'पुरावा'. दूधवाला म्हणाला, म्हैस आजारी आहे. "पुरावा?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, देवळात गेले होते. "पुरावा?" आजी मुकाट्यानं हातावर प्रसाद ठेवतात. तो खाऊन काका केस बंद करतात.

तर्क मात्र त्यांचा कायम चुकतो. एकाची पिवळी बोटं पाहून म्हणाले, "वरूडचा संत्र्याचा व्यापारी." तो लग्नातला आचारी निघाला, बोटांना हळद. काका हटले नाहीत. "वेश बदलून फिरून राहिला."

माझ्या चपलेला काळी माती दिसली आणि माझाही निकाल लागला. "तू मोर्शीचा."

"काका, मी गडहिंग्लजचा."

"लपवून राहिला. काहून?"

आठवड्याभरात सगळी बिल्डिंग मला मोर्शीचा समजू लागली. मोर्शीची संत्री कशी आहेत यंदा, असं लोक विचारायचे. मीही हसून 'गोड' म्हणायचो.

मग पडताळणीची वेळ आली आणि हसू पळालं. गावाकडच्या पोलिसांचं काम झालं होतं. इथला ओळखीचा एक माणूस पोलीस ठाण्यात आणायचा होता, आणि अख्ख्या अमरावतीत माझ्या ओळखीचे म्हणजे काकाच. आधार कार्डावर गडहिंग्लज आणि काका म्हणणार मोर्शी. हवालदाराला संशय आला की नोकरी गेली. काकांच्या गाडीवर मागे बसून मी घोकत होतो, "काका, गडहिंग्लज बरं का."

"डिटेक्टिव्हले शिकवू नको बे."

हवालदारानं विचारलं, "कुठचा आहे हा?"

काकांनी माझ्या चपलेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गडहिंग्लजचा, साहेब. मी मोर्शीचा म्हणत होतो. चुकलं माहं."

काकांच्या तोंडून 'चुकलं' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पोरगा चांगला आहे, हे कशावरून?"

"मी सांगून राहिलो ना," काका म्हणाले.

परतताना आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. काका बशीत चहा ओतून म्हणाले, "मोर्शी माहं गाव. घर इकलं, मंग तिकडचं कोनी येत नाही. तुयी चप्पल पाहून वाटलं, आलं बा कोनी."

मी त्यांची बशी धुऊन ठेवली, एवढंच.

परवा तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. मी त्यांचं सामान उतरवत होतो. साहेबांनी विचारलं, "कुठचा रे तू?"

"मोर्शीचा," मी म्हणालो.

गेटवरून काकांचा आवाज आला. "पुरावा?"

मी पाय उचलून चप्पल दाखवली.