लीग वन आणि लीग अं

युरोपातली कुठली फुटबॉल लीग खरोखर भारी आणि कुठली नुसतीच भारी दिसते, हे ठामपणे सांगू शकणारी जगात एकच व्यक्ती आहे, आणि ती सध्या दहावीत शिकते. म्हणजे मी, मार्गो गिलेस्पी, मुक्काम हॅमिल्टन. हसू नका. माझ्याकडे सूत्र आहे!

आमच्या कॅनडाचे खेळाडू युरोपभर विखुरलेत. कुणी जर्मनीत, कुणी पोर्तुगालमध्ये, कुणी तुर्कस्तानात. प्रत्येकाच्या आईला वाटतं, आपलाच मुलगा सगळ्यात मोठ्या लीगमध्ये आहे. मग खरं काय? मी प्रत्येक लीगला दहापैकी गुण दिले. तिथले क्लब परदेशी क्लबांशी भिडले की किती जिंकतात, त्यावरून. मग खेळाडू वर्षभरात जितकी मिनिटं मैदानावर होता, त्या मिनिटांनी त्या गुणांना गुणलं. कारण मोठ्या लीगमध्ये जाऊन बाकावर बसून राहणं म्हणजे पंगतीला जाऊन दुसऱ्यांच्या पानांकडे बघत उभं राहणं.

आमच्या शाळेच्या गणित प्रदर्शनातून एकच प्रकल्प ऑटवाच्या मोठ्या स्पर्धेला जातो. मला जायचं होतं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो फक्त पाणी प्यायला जाण्यासाठी. यंदा मात्र मी ठरवलं होतं: जायचं म्हणजे जायचंच!

त्यात आजोबांनी पैज मारली. आजोबा स्कॉटलंडहून इथे आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण कॅनडाचा लाल टी-शर्ट त्यांनी अंगाला लागू दिलेला नाही. "तुम्हा लोकांना बर्फावर घसरता येतं. फुटबॉल हा शहाण्यांचा खेळ आहे," असं ते दर शनिवारी म्हणतात. म्हणाले, तू ऑटवाला निवडली गेलीस तर मी लाल शर्ट घालून अख्ख्या गल्लीतून चालत जाईन.

एक अट मात्र होती. प्रकल्पावर 'सॉकर' हा शब्द दिसता कामा नये. आमच्याकडे सगळे सॉकरच म्हणतात, कारण हॅमिल्टनमध्ये 'फुटबॉल' म्हटलं की डोक्यावर हेल्मेट, अंड्यासारखा चेंडू आणि एका बाजूला बारा दांडगे डोळ्यांपुढे येतात. पण आजोबांपुढे सॉकर म्हणणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं. मी मुकाट्याने मथळा लिहिला: 'युरोपातला फुटबॉल, कॅनडाचे खेळाडू.' स्कॉटलंडच्या लीगला मी चार गुण दिले, तेव्हा तेच आजोबा दोन दिवस माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलले. "विचार तिला, चहा घेणार का." पण मी चाराचे पाच केले नाहीत. शास्त्र म्हणजे शास्त्र.

आता गोंधळ.

आमची शाळा फ्रेंच माध्यमाची. या देशात बिस्किटाच्या पुड्यालासुद्धा दोन भाषा लागतात, मग प्रकल्पाला का नकोत? डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच. मी इंग्रजी भाग आधी केला, आणि मादाम तिबोंनी (आमच्या गणिताच्या बाई) दिलेली मुदत संपायला तासभर उरला असताना फ्रेंच भागाला हात घातला. संगणकाला हुकूम सोडला: जिथे 'लीग वन' दिसेल, तिथे 'लीग अं' कर. फ्रेंचमध्ये एकला अं म्हणतात, ऐकू न आल्यासारखं. संगणक आज्ञाधारक. त्याने केलं, नव्या नावाचे गुण शोधले, नवी बेरीज मांडली. उजवीकडची यादी चकचकीत दिसत होती. मी तीच मोठी करून छापली आणि गुरुवारी व्हरांड्यात टांगली.

पहिल्या क्रमांकावर होता वॉडसन बॅप्टिस्ट. आमच्याच गल्लीतला. इंग्लंडमधल्या एका छोट्या क्लबात खेळणारा. मला आनंद झाला, संशय आला नाही. इथेच माझी चूक झाली.

वॉडसनची आई, म्हणजे बॅप्टिस्ट काकू, शाळेसमोर हातात थांबा-फलक धरून मुलांना रस्ता ओलांडून देतात. हैतीच्या आहेत. इंग्रजी बोलतात, पण वाचायचं झालं तर फ्रेंचच. मार्चची थंडी, बोटं गोठलेली, म्हणून त्या शुक्रवारी सकाळी व्हरांड्यात ऊब घ्यायला आल्या आणि त्यांनी यादी वाचली. वॉडसन बॅप्टिस्ट, लीग अं, पहिला क्रमांक.

लीग अं म्हणजे फ्रान्सची सर्वोच्च लीग! पोरगा फ्रान्सला पोचला आणि आईला कळवलंही नाही!

काकूंनी तिथूनच त्याला फोन लावला. तो सरावात होता. मग त्यांनी बहिणीला लावला, बहिणीने चर्चच्या पाद्रीबाबांना, आणि पाद्रीबाबांनी गायनवृंदाच्या गटावर टाकून दिलं. शाळा सुटेपर्यंत गल्लीत 'शाब्बास वॉडसन' असा फलक लागला होता. काकूंच्या स्वयंपाकघरात भोपळ्याचं सूप शिजत होतं, जे त्यांच्याकडे एरवी एक जानेवारीला, हैतीच्या स्वातंत्र्यदिनीच होतं. रस्त्यात मला बघून त्यांनी अशी मिठी मारली की थांबा-फलक माझ्या कानावर आदळला. "तू नसतीस तर मला कळलंच नसतं गं बाळा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, छे हो काकू, त्याच्या खेळाचंच ते फळ. कशाबद्दल बोलतायत हे मला अजिबात कळलेलं नव्हतं, पण कौतुक चालू असताना प्रश्न विचारू नयेत.

रात्री वॉडसनचा फोन आला म्हणे. "आई, मी फ्रान्सला गेलो हे मला कुणी सांगितलं नाही." काकू म्हणाल्या, नम्रपणा पुरे, आणि फोन गायनवृंदाकडे दिला.

शनिवारी प्रदर्शन. माझ्या टेबलासमोर पंचवीस माणसं, एक पाद्रीबाबा आणि पाळण्याएवढा केक. शेजारच्या टेबलावर त्रिकोणांचा प्रकल्प घेऊन बसलेल्या पोराकडे त्याची आईसुद्धा बघत नव्हती. परीक्षकांसह मादाम तिबो दोन टेबलं पलीकडे पोचलेल्या. इतक्यात आजोबा फलकाजवळ गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मग खांदे हलायला लागले. हसू एवढं, की त्यांनी कवळी हाताने धरली.

"मार्गोबाई," ते माझ्या कानाशी आले, "तुझ्या डाव्या हाताचं उजव्याला ठाऊक नाही. हा पोरगा इंग्लंडच्या लीग वनमध्ये खेळतो. ती तिसरी पायरी आहे."

"वन म्हणजे तिसरी?"

"पहिलीला प्रीमियर म्हणतात, दुसरीला चॅम्पियनशिप, तिसरीला वन. इंग्रज आहेत ते. शेंडेफळाचं नाव थोरला ठेवतील."

माझ्या मूळ तक्त्यात लीग वनला तीनच गुण होते, फ्रान्सच्या लीग अंला आठ. संगणकाच्या कृपेने तिनाचे आठ झाले होते. आजोबा म्हणाले, "मी काही बोलणार नाही. परीक्षकांना कळणारही नाही. पैज तुझी."

समोर काकू रविवारी चर्चला घालायचा जांभळा झगा घालून उभ्या होत्या. परीक्षक आले. मादाम तिबो म्हणाल्या, "हं, सांग."

मी मार्कर उचलला. गप्प राहिले तर ऑटवा. बोलले तर केक माझ्या डोक्यावर. माझं तोंड मात्र माझ्या आधीच सुरू झालं होतं.

"पहिला क्रमांक चुकलाय," मी म्हणाले, आणि आठावर काट मारून तीन लिहिले. भाषांतराची चूक कुठे झाली, ती कशी झाली, सगळं सांगितलं. तिथल्या तिथे नवा गुणाकार केला. वॉडसन पहिल्यावरून घसरत अकराव्यावर आला. गायनवृंदातून असा सूर निघाला, जसा फुग्यातून निघतो.

काकूंचा चेहरा बघवेना. "म्हणजे तो फ्रान्समध्ये नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही काकू. पण हा रकाना बघा." मी मिनिटांवर बोट ठेवलं. "माझ्या यादीत बावन्न जण आहेत. मोठमोठ्या लीगमधले निम्मे बाकावर बसून खेळ बघतात. सगळ्यात जास्त मिनिटं वॉडसनची आहेत. एकाही सामन्यात त्याला बाहेर काढलेलं नाही."

"एकाही?"

"एकाही नाही."

काकूंनी पाद्रीबाबांकडे बघितलं, केककडे बघितलं. "मग उभे काय राहिलात? कापा की," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा बसायला गेलेला नाही तिथे."

टाळ्या कडाडल्या! परीक्षकांनी सूत्र उतरवून घेतलं. एक जण तर म्हणाले, चूक झाकणारे प्रकल्प रोज बघतो, चूक सोडवून दाखवणारा आज बघितला. संध्याकाळी निकाल लागला. ऑटवाला कोण? मी! मी! मी!

रविवारी आजोबा लाल शर्ट घालून अख्ख्या गल्लीतून चालले. मागे मी, कुत्रा, आणि हातात थांबा-फलक घेऊन वाहनं अडवणाऱ्या बॅप्टिस्ट काकू. शर्ट पोटावर ताणला होता, चेहरा स्कॉटलंडचाच होता, पण चालले. प्रत्येक दारात सूप मिळालं. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत देखणी मिरवणूक.

काल ऑटवाच्या आयोजकांचं पत्र आलं. अर्थातच दोन्ही भाषांत. अभिनंदन केलंय. माझी निवड फुटबॉल विभागात झाली आहे. प्रदर्शनासाठी हेल्मेट ते पुरवतील. फक्त एक शंका आहे म्हणतात: युरोपातले संघ अकराच जणांनिशी खेळताना दिसतात, तर बाराव्या खेळाडूचं काय झालं, याचा खुलासा मी सोबत आणावा.

आजोबा कालपासून पुन्हा कुत्र्यामार्फत बोलतायत.