परबांचं बटण

शेजारच्या टेबलावरून ‘परबकाका, चहा?’ असं विचारलं, तर परब मान वळवत नसत.

‘कोण विचारता?’

अकरा वर्षं एकाच खोलीत बसून मी रोज सांगायचो, ‘मी जोशी.’ मग उत्तर यायचं, ‘अर्धो.’

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या स्पेअर पार्टच्या कंपनीत ही सवय सगळ्यांना लागली होती. मालक, म्हणजे आमचे अर्बाब, तेसुद्धा दारातून ‘परब, मैं खालिद’ म्हणत आणि मगच रागावत.

परब देवगडचे, एकटे, कॉम्प्युटर सांभाळणारे. मी नवा असताना कॉम्प्युटरवर कर्मचाऱ्यांचं एक पान बनवलं होतं. नावाचं बटण दाबलं की त्या माणसाच्या घरी कोणाला कळवायचं ते दिसे. सदतीस बटणांसाठी मी सदतीस फंक्शनं, म्हणजे बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगणारे कोडचे तुकडे, लिहिली होती. परबांनी कपाळाला हात लावला.

‘सदतीस माणसांक सदतीस आचारी ठेयलंस रे?’

त्यांनी एकच फंक्शन ठेवलं आणि त्यांचं सोडून प्रत्येक बटणाच्या कंसात मला ‘धिस’ लिहायला लावलं; स्वतःचं ते स्वतः लिहिणार होते. जावास्क्रिप्टमध्ये तिथे त्याचा अर्थ, दाबलेलं बटण स्वतः.

‘फंक्शनाक काय म्हायत, कोणी हाक मारल्यान? स्वताक पाठय!’

गेल्या रविवारी सकाळी परब कीबोर्डवर डोकं टेकून बसले होते. मी चहा विचारला. नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं.

दुपारी इस्पितळातून परबांशिवाय परतल्यावर अर्बाब म्हणाले, ‘जोशी, घर पे बताओ. अभी.’

कोणाला? ऑफिसच्या फाइलमधला नंबर बंद होता. मी ते पान उघडून परबांचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. बाकीची छत्तीस चालत होती. कोड उघडला आणि बघतच राहिलो. परबांच्या बटणाचा कंस रिकामा होता. मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हा माणूस विसरला असेल, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मी ‘धिस’ लिहिलं. चौकट उघडली.

‘भैण सुलू. तिका एकदम सांगा नुको. आधी तुमचा नाव सांगा.’ खाली नंबर होता.

फोन लावला. पलीकडे थकलेला आवाज.

‘कोण?’

‘मी जोशी. मस्कतहून.’

‘जोशी?’ आवाज एकदम उजळला. ‘दादाक रोज चाय विचारता, तो?’